आपल्या पावसाला कोणता टायर? ‘ऑल सीझन परफॉर्मन्स’बद्दल एका टायरवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, टायरचा साइज २०५/५५ आर १६. रोज कोथरूड ते हिंजवडी, पंधरा दिवसांतून एकदा एक्सप्रेसवेनं ठाणे, आणि वर्षातून तीन-चार वेळा ताम्हिणीतून कोकणात गावी. कंपनीकडून आलेले टायर ४२ हजार किलोमीटर चाललेत आणि आता बदलायचे आहेत. न्यू जर्सीतल्या भावानं ‘अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल सीझन’ टायर सुचवलेत, इथला एक दुकानदार तसा आयात केलेला सेट मिळवून देतो म्हणतोय, आणि मित्राचा आग्रह आहे की खर्च करतोच आहेस तर १७ इंची अलॉय टाक.

पुण्यात टायर आणि अलाइनमेंटचं काम करून मला बावीस वर्षं झाली. माझं उत्तर असं: आयात सेट घेऊ नका, रिम १६ इंचीच ठेवा, ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारा ताज्या तारखेचा टूरिंग टायर (म्हणजे रोजच्या आरामशीर प्रवासासाठीचा) घ्या, आणि हे काम मिरगाच्या आधी उरका. आता कारणं सांगतो.

भाऊ चुकीचं सांगत नाही. तो राहतो तिथल्या हवेला त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ‘ऑल सीझन’ ही अमेरिकेतली गरज. १९७७ मध्ये गुडइयरनं ‘टिएम्पो’ नावाचा टायर आणला तेव्हापासून हा प्रकार तिथे रुळला. हिवाळ्यात बर्फाचे टायर चढवायचे आणि उन्हाळा आला की उतरवायचे, ही वर्षातून दोनदा होणारी दगदग लोकांना नको होती. साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातं आणि पकड सोडतं. ऑल सीझनमध्ये रबराचं मिश्रण थंडीतही मऊ राहील असं करतात, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर बर्फात रुतून धरण्यासाठी भरपूर बारीक काप घालतात. त्याच जातीचा वेगवान गाड्यांसाठीचा अवतार म्हणजे भावानं सुचवलेला टायर. काँटिनेंटलच्या ‘डीडब्ल्यूएस ०६ प्लस’वर तर डी, डब्ल्यू आणि एस (ड्राय, वेट, स्नो) ही अक्षरंच कोरलेली असतात. टायर झिजत जातो तसं आधी बर्फाचं अक्षर पुसतं, मग पावसाचं. कल्पना फार छान आहे, आणि ज्या गावात जानेवारीत रस्ता पांढरा होतो तिथे तो टायर पैसे वसूल करून देतो.

आपल्याकडे मात्र त्या बर्फाच्या क्षमतेचे पैसे भरून ती कधी वापरलीच जात नाही, आणि तिची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. बारीक काप जास्त म्हणजे ठोकळे लवचिक. मे महिन्यात दुपारी काँक्रीट इतकं तापतं की तळवा टेकवत नाही. अशा रस्त्यावर शंभरच्या वेगात लेन बदलताना मऊ ठोकळे वाकतात, स्टिअरिंगला उत्तर थोडं उशिरा मिळतं, टायर जास्त तापतो आणि लवकर झिजतो. पुण्यात पहाटे पारा कधी ८-९ अंशांवर येतो हे खरं, पण ते महिनाभरातले मोजके तास. तेवढ्यासाठी वर्षभराचा टायर निवडायचा नसतो.

खुणांचाही एक गोंधळ दूर करतो. टायरवर ‘एम प्लस एस’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ, पण ती खूण लावण्यासाठी बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही, नक्षीच्या रचनेवरून कंपनी लावू शकते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेला असेल, तर तो टायर बर्फावर तपासलेला असतो. आपल्या दुकानांत अनेक एसयूव्हींच्या टायरवर पहिली खूण दिसते आणि ग्राहक ती ‘सगळ्या ऋतूंना चालतो’ अशी वाचतात. सह्याद्रीतल्या पावसाबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. मनालीला आयुष्यात एकदा जायचं असेल तर चाकांना बांधायच्या साखळ्या घेऊन जा, टायर त्यासाठी निवडू नका.

आता आपला ऋतू. आपल्याकडे टायरची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते, आणि तुम्ही ताम्हिणीतून जाता म्हणजे ती पुरेपूर होते. एक गणित करून पाहा. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय आणि वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. एका पुढच्या टायरला दर सेकंदाला साधारण साडेतेरा लिटर पाणी वाटेतून बाजूला सारावं लागतं. वेग १०० केला की हाच आकडा १७ लिटरवर जातो. हे पाणी जाणार कुठून? मधल्या खोल खाचांतून आणि बाजूला उघडणाऱ्या नाल्यांतून. खाच उथळ झाली की पाणी मावत नाही, टायरच्या पुढ्यात त्याची पाचर तयार होते आणि टायर तिच्यावर चढतो. याला आपण गाडी तरंगली म्हणतो. त्या क्षणी स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबूनही काही होत नाही. असं झालं तर स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा, टायरला पुन्हा रस्ता लागेपर्यंत.

नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, आणि खाचेत जे छोटे उंचवटे दिसतात ते तिथपर्यंत झीज आल्याचं सांगतात. पण मी गेली कित्येक वर्षं ३ मिलिमीटरलाच बदलायला सांगतो. उन्हाळ्यात ३ मिलिमीटरचा टायर कोरड्या रस्त्यावर झकास चालतो, उलट नव्याहून घट्ट वाटतो, आणि त्यामुळेच फसगत होते. ग्राहक म्हणतो, अजून वर्षभर जाईल. एप्रिलमध्ये त्याचं म्हणणं खरं असतं, जुलैमध्ये ते खोटं ठरतं. शंभर-दीडशे रुपयांत खोली मोजायचं साधं गेज मिळतं, ते घ्या. आतल्या कडेलाही मोजा, कारण बाहेरून टवटवीत दिसणारा टायर आतून खाल्लेला असतो हे मी रोज पाहतो.

खोलीइतकंच वय. माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. घरची जुनी गाडी कमी चालायची, टायरला ५ मिलिमीटर खाच शिल्लक होती आणि वय सात वर्षं. टायरवाला असूनही मी खाच बघितली आणि निघालो. जूनचा पहिला आठवडा, ताम्हिणीतला उतार, नुकती सर पडून गेलेली, रस्त्यावर तेल आणि धुळीचा तो चिकट थर. वळणावर मागची बाजू अशी सरकली की गाडी आडवी होऊन कठड्याच्या दोन हात अलीकडे थांबली. बायको आणि मुलगी गाडीत होती. खाच होती, पण रबर लाकडासारखं झालं होतं. त्या दिवसापासून मी कोणाच्याही टायरला हात लावला की आधी तारीख वाचतो.

तारीख वाचायला सोपी आहे. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ‘१४२५’ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. ही ओळ पूर्ण स्वरूपात टायरच्या एकाच बाजूला असते, आणि बसवताना ती आत गेली तर गाडी उचलल्याशिवाय दिसत नाही. म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच चारही तारखा पाहा. सहा महिन्यांपर्यंतचा टायर मी डोळे मिटून घेईन, वर्षाच्या पलीकडचा असेल तर दुसरा मागवा म्हणेन. तुमच्या आयात सेटबद्दल माझी मोठी शंका हीच आहे. असा माल हळू खपतो, गोदामात पडून राहतो. शिवाय वर्षभरानं एका टायरला खड्ड्यात फुगा आला तर जोडीचा दुसरा मिळेल का, हे तो दुकानदार आज छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

मग घ्यायचा कोणता? २०५/५५ आर १६ हा साइज इतक्या गाड्यांना लागतो की निवडीला तोटा नाही. मिशेलिनचा प्रायमसी ४, काँटिनेंटलचा अल्ट्राकाँटॅक्ट यूसी ६, गुडइयरचा अश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, ब्रिजस्टोनचा टुरान्झा, योकोहामाचा ब्लूअर्थ जीटी, आणि आपल्याकडच्या कंपन्यांत अपोलोचा अ‍ॅस्पायर, सीएटचा सिक्युराड्राइव्ह, एमआरएफचा परफिन्झा. हे सगळे एकाच स्वभावाचे नाहीत, पण तुमच्या वापराला यातला कोणताही अगदीच चुकीचा ठरणार नाही. माझी पसंती विचारलीत तर प्रायमसी ४ किंवा अल्ट्राकाँटॅक्ट. प्रायमसी ४ मध्ये मला आवडते ती एक साधी गोष्ट. त्याच्या खाचांच्या भिंती तळाकडे निमुळत्या न होता जवळपास सरळ खाली जातात, त्यामुळे टायर अर्धा झिजल्यावरही पाण्याला वाट बरीच मोकळी राहते. टायर नवा असताना सगळेच चांगले असतात. तुम्हाला तो तिसऱ्या पावसाळ्यात कसा वागतो याची चिंता करायची आहे.

अस्सल परफॉर्मन्स टायर, म्हणजे मिशेलिनच्या पायलट स्पोर्टच्या जातीचे, ओल्या आणि कोरड्या दोन्ही रस्त्यांवर अप्रतिम धरतात. ते वाईट आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. पण रोज हिंजवडीच्या रांगेत तासभर उभी राहणारी गाडी त्यांचं रबर उगाच झिजवते, साइडवॉल ताठ असल्यानं खड्डे अंगावर येतात आणि काँक्रीटवर आवाजही जास्त येतो. गाडी चालवणं हाच तुमचा रविवारचा छंद असेल तर जरूर घ्या, आणि ३० हजार किलोमीटरच्या आसपास बदलायची तयारी ठेवा.

साइडवॉलवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा दिसेल. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एका ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल टायर चालवून, त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडून तो काढतात. प्रमाण टायर १०० धरला तर ४०० म्हणजे त्या चाचणीत चौपट टिकाऊ. पण हा आकडा कंपनी स्वतः लावते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये नाही. आणि आकडा मोठा म्हणजे टायर चांगला असं समजू नका. टिकाऊपणा, पकड आणि इंधनाची बचत यांची ओढाताण प्रत्येक मिश्रणात असते. रबरात सिलिका मिसळल्यानं ही ओढाताण बरीच सैल झाली, पण संपलेली नाही. शेजारीच ‘ट्रॅक्शन’पुढे एए, ए, बी किंवा सी असतं. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजलेलं असतं. वळणातली पकड किंवा गाडी तरंगण्याबद्दल त्यात काही नसतं. तरीही तुमच्यासाठी ए च्या खाली जाऊ नका.

युरोपात टायरला ओल्या पकडीसाठी ए पासून ई पर्यंत श्रेणी मिळते आणि ती इंटरनेटवर सहज सापडते. ती जरूर पाहा, पण इशारा म्हणून. एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत बनतो आणि तिथल्या बाजाराप्रमाणे मिश्रण बदलू शकतं. आपल्याकडेही २०२२ च्या अधिसूचनेनं एआयएस १४२ या मानकाखाली ओली पकड, लोळण-विरोध (टायर फिरताना होणारा रोध) आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवल्या. या किमान अटी आहेत. त्या पूर्ण करणाऱ्या दोन टायरमध्येही जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं.

साइजनंतरचे ‘९१ व्ही’ कधीही खाली आणू नका. ९१ म्हणजे एका टायरनं ६१५ किलो पेलायचे, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. लोक म्हणतात, मी कुठे २४० नं चालवतो? ही खूण म्हणजे टायरच्या उष्णता सोसण्याचं माप आहे. भर उन्हात, चार माणसं आणि सामान घेऊन, समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगात जाताना हीच ताकद कामी येते. समृद्धीवर टायर फुटण्याच्या इतक्या घटना झाल्या की आरटीओला तिथे गाड्यांचे टायर तपासायला माणसं उभी करावी लागली.

१७ इंचाबद्दल मित्राला हा हिशेब दाखवा. तुमच्या टायरच्या साइडवॉलची उंची २०५ च्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिलिमीटर. २१५/४५ आर १७ घेतलात तर ती ९७ च्या आसपास येते. पुण्याच्या खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा रिम आणि दगड यांच्यामध्ये एवढीच गादी असते. सोळा मिलिमीटर कमी केल्यावर माझ्याकडे फुगा आलेले टायर आणि वाकलेली रिम घेऊन येणाऱ्यांत तुमचीही भर पडेल. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले, त्यावर इलाज नाही, टायर फेकावाच लागतो. शिवाय रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. गाडी देखणी दिसेल हे मान्य, पण तुमच्या रस्त्यांसाठी मी तसं करून देणार नाही.

पैशांचं म्हणाल तर या साइजमध्ये साधारण सात-आठ हजारांपासून बारा हजारांपर्यंत एक टायर पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने भाव सांगणाऱ्याला बिल मागा. वॉरंटीसाठीही पक्कं बिल लागतंच.

सगळे चार एकदम परवडत नसतील आणि दोनच घ्यायचे असतील, तर नवे मागे बसवा. हे मला रोज समजावून सांगावं लागतं. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते म्हणून नवे पुढे, असं बहुतेकांना वाटतं आणि अनेक दुकानांत तसंच करून देतात. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते, वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते आणि घाटात सावरायला जागा नसते. माझी गाडी आडवी झाली ती मागच्याच चाकांमुळे.

बसवल्यानंतरचं थोडक्यात. हवा किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पत्रकावर असतं, चार माणसांसाठी वेगळा आकडा असतो. हवा टायर गार असताना भरा, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो. गरम टायरमधली वाढलेली हवा काढू नका. ‘पावसात पकड यावी म्हणून हवा कमी ठेवतो’ असं सांगणारे खूप भेटतात. दाब कमी झाला की टायर पाण्यावर आणखी कमी वेगात तरंगायला लागतो, तेव्हा हे साफ उलटं आहे. नायट्रोजन भरला तर चांगलंच, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. महिन्यातून एकदा दाब बघणं त्याहून महत्त्वाचं आहे.

अलाइनमेंट नव्या टायरबरोबर कराच, आणि आधीचा छापील रिपोर्ट मागा, म्हणजे जुने टायर का खाल्ले गेले ते कळेल. एका बाजूनं खात असतील तर आधी बुश आणि शॉकअप तपासून घ्या, नुसतं अलाइनमेंट करून तो दोष जाणार नाही. पुढे दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरच्या जागा आपसात बदला. नक्षी बाण दाखवून एकाच दिशेची असेल तर पुढचा मागे त्याच बाजूला, आतली-बाहेरची बाजू वेगळी असलेली नक्षी असेल तर कोणत्याही बाजूला चालतो, फक्त ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर राहिली पाहिजे. डिकीतल्या स्टेपनीचीही तारीख बघा, न चालताही रबर म्हातारं होतं.

नव्या टायरचा पहिला ३०० किलोमीटरचा प्रवास सांभाळून करा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला लेप पृष्ठभागावर असतो आणि तो घासून जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही. म्हणूनच मी मे महिन्यात या म्हणतो, तेवढे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर होऊन जातात. दुकानातून निघताना चाकाचे बोल्ट एअरगननं कचकचून न आवळता, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पान्यानं लावून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासायला चक्कर मारा. या कामाचे चांगला दुकानदार पैसे घेत नाही.